जुव्यावरचं जुनं रिसॉर्ट नव्याने करायचंय: आधी छप्पर की आधी स्विमिंग पूल?

खाडीपलीकडे

मालवण तालुक्यातल्या एका खाडीतला जुवा, म्हणजे छोटं बेट. समुद्र वाऱ्याच्या रेषेत जेमतेम किलोमीटरभर. त्यावर १६ खोल्यांचं रिसॉर्ट, बांधकाम साधारण २००६ चं. आरसीसी फ्रेम, मध्ये चिरा (जांभा दगड), वर लोखंडी कैच्यांवर (छपराचे त्रिकोणी सांगाडे) मंगलोरी कौलं. १२ बाय ६ मीटरचा स्विमिंग पूल. माल, माणसं, सिलिंडर, सगळं होडीने.

मालकांना आता ते 'लक्झरी' करायचं आहे. आर्किटेक्टच्या आराखड्यात खाडीकडच्या भिंती काढून जमिनीपासून छतापर्यंत काचा, आभाळाला उघडी न्हाणीघरं, काठावरून पाणी ओसंडतंय असं भासणारा पूल आणि चिऱ्याला पांढरा रंग. चित्रं देखणी आहेत. पण बीमच्या खालचा गिलावा पोपडून सळया दिसताहेत आणि कैच्या हाताला गंज देतात.

काय ठेवावं, काय पाडावं आणि कामाचा क्रम कसा लावावा? ऑक्टोबर ते मे हाच कामाचा हंगाम आणि हाच पाहुण्यांचाही. जाणकारांनी लिहा.

चिरेबंदी

पांढरा रंग?? चिऱ्याला??? बाकी नंतर लिहितो, आधी पाणी पितो.

गंजपुराण

चित्रं कपाटात ठेवा आणि हाफ सेल टेस्ट (काँक्रीटच्या आतल्या सळईच्या गंजाची विजेच्या दाबावरून चाचणी) करून घ्या. हातोडीने ठोकून बद्द आवाज येतो ती जागा सुटलेली, हे कोणीही सांगेल. पण ज्या जागा अजून खणखणीत वाजतात त्यांच्या आत काय चाललंय ते हातोडी सांगत नाही. तांबं-कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने मोजून आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर तिथे सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. अख्ख्या इमारतीचा असा नकाशा काढला की काय ठेवायचं, काय पाडायचं याचं अर्धं उत्तर कागदावर येतं. सोबत सळईच्या खोलीवरची काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइड तपासा.

दुरुस्ती करायची ठरली तर:

सुटलेलं काँक्रीट काढताना सळईच्या पुढच्या बाजूला थांबू नका. सळईच्या मागे निदान २० ते २५ मिमी मोकळं झालं पाहिजे, बोट फिरलं पाहिजे. बहुतेक ठेकेदार इथेच अंग चोरतात, कारण ते फोडकाम कटकटीचं. मग वायर ब्रश किंवा सँडब्लास्टिंगने सळई चकचकीत, गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या. व्यास बराच घटला असेल तर शेजारी नवी सळई. झिंक प्रायमर, बाँडिंग कोट, मग पॉलिमर मॉर्टर १० ते १२ मिमीच्या थरांनी. खड्डा ५० मिमीपेक्षा खोल असेल तर थापत बसू नका, साचा बांधून मायक्रोकाँक्रीट ओता.

आणि एवढं करूनही दोन-तीन वर्षांनी त्या ठिगळाच्या कडेला नवा गंज फुटतो. ठिगळातली सळई सुरक्षित होते, शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड तसंच असतं, आणि गंजायची पाळी आता त्या भागावर येते. म्हणून ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे अॅनोड बांधायचे. जस्त झिजतं, सळई वाचते. खर्च वाढतो, पण तो वाचवला तर दुरुस्ती हे वार्षिक श्राद्ध होतं.

पाडेली१००माड

वार्षिक श्राद्ध 😂 ठेकेदाराला दरवर्षी जेवायला बोलवायचं!

भरतीओहोटी

गंजपुराण, सगळं मान्य, पण मुळात कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, किती आहे ते आधी बघायला हवं ना? त्या काळात इकडे सर्रास २०-२५ मिमी ठेवायचे. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) नुसार किनारी हवेत 'सीव्हियर' धरून एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, खाऱ्या पाण्याचा तुषार बसत असेल तर 'व्हेरी सीव्हियर', एम ३५ आणि ५० मिमी. २५ मिमी कव्हरच्या बीमला कितीही ठिगळं लावा, मीठ पुन्हा पोचणारच. अशा खोल्या जोत्यापर्यंत उतरवून नव्या केलेल्या परवडतात.

खाडीपलीकडे

@भरतीओहोटी, दोन ठिकाणी फोडून बघितलं. १८ आणि २२ मिमी.

भरतीओहोटी

मग बोलणंच खुंटलं. पण पाडण्याआधी सीआरझेडचं (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम) बघा. अधिकृत बांधकाम जुन्याच जोत्यावर, तेवढ्याच चटईक्षेत्रात दुरुस्त करणं किंवा पुन्हा बांधणं वेगळं, आणि जोतं दोन फूट पुढे सरकवणं वेगळं. २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्यालगतच्या आणि खाडीतल्या बेटांसाठी भरतीरेषेपासून २० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. पूल त्या २० मीटरमध्ये सरकवला की प्रकरण अडकलं. भरतीरेषा मंजूर नकाशावरची धरायची, होडीवाल्याने दाखवलेली नाही. आणि २००६ ची मूळ परवानगी कागदावर आहे ना, हे सगळ्यात आधी. ती नसेल तर हा धागा इथेच बंद.

तिवराची_सावली

आराखड्यात 'व्ह्यू' मोकळा करायला तिवरं छाटायचा बेत असेल तर आत्ताच खोडा. कांदळवन सीआरझेड १-अ मध्ये येतं, हात लावायचा नाही. कायदा सोडा, व्यवहार बघा: जुव्याचा काठ त्या मुळांनीच धरलाय. तिवर काढून दगडी बंधारा घातला की बंधाऱ्याच्या पायथ्याची वाळू उकरली जाते आणि दोन्ही टोकांना धूप वाढते. तीन पावसाळ्यांनी बंधारा जागेवर आणि त्याच्या बाजूची जमीन खाडीत. खिडकीची चौकट अशी ठेवा की तिवरांच्या शेंड्यावरून पाणी दिसेल. पहिल्या मजल्यावर लहान बैठक काढली तर प्रश्नच मिटतो.

चिरेबंदी

पाणी पिऊन आलो.

चिरा सच्छिद्र आहे. जमिनीतून ओल वर येते, पावसात पृष्ठभागावरून आत जाते आणि उघडीप मिळाली की बाहेर पडते. वर अॅक्रिलिक रंग चढवला की बाहेर पडायची वाट बंद. ओल आत साचते, मीठ रंगाच्या पाठीमागे स्फटिक होऊन बसतं, आणि पहिल्या हिवाळ्यात रंग फुगून चिऱ्याचा वरचा थर घेऊनच गळतो. यालाच लोणा लागला म्हणतात. पांढराच हवा असेल तर चुन्याची सफेदी द्या, दर दिवाळीला पुन्हा. आणि मधले सांधे सिमेंटने गच्च भरलेले असतील तर ते २० मिमी खोल खरवडून चुन्याच्या मसाल्याने भरा. सांधा चिऱ्यापेक्षा मऊ हवा, नाहीतर चिरा आधी झिजतो.

नवे चिरे लागणार असतील तर होडीचा हिशोब लावा. एक मशीनकट चिरा साधारण २५ किलोच्या घरात. हजार चिरे म्हणजे २५ टन, आणि प्रत्येक चिरा खाणीवर, ट्रकमध्ये, धक्क्यावर, होडीत, जुव्यावर असा पाचदा उचलला जातो. कडा तिथेच फुटतात. १० टक्के जास्त मागवा.

झावळीवाला

कैच्यांबद्दल कोणीच बोललं नाही. लोखंडी चौकोनी पाइपच्या कैच्या असतील तर बाहेरचा गंज दिसतो तेवढा निरुपद्रवी. खरा गंज आतून. पाइपची टोकं उघडी राहिली असतील तर दमट हवा आत जाते, रात्री थेंब धरतात, आणि २-३ मिमीची भिंत आतून कागद होते. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, आरपार गेला तर समजा.

नव्या कैच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण तयार करून, भोकं पाडून, मग हॉट डिप गॅल्व्हनाइज करा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या. जाड भागांवर सरासरी ८५ मायक्रॉन जस्त बसतं. जागेवर वेल्डिंग अजिबात नको. वेल्डिंगने जस्त जळतं आणि तिथूनच सुरुवात होते. नटबोल्टचे जोड करा. एका तुकड्याची लांबी होडीत मावेल अशी, ६ मीटरच्या आत.

चिरेबंदी

@झावळीवाला, मी लाकडाच्या बाजूचा. किंजळ किंवा ऐनाचे वासे, सागाच्या रिपा. मिठाने लाकडाला काही होत नाही, वाळवीने होतं, आणि वाळवीचा बंदोबस्त जमिनीपाशी करता येतो.

झावळीवाला

लाकूड चांगलंच, पण १६ खोल्यांना पुरेल एवढं जुनं, मुरलेलं लाकूड एका रांगेत मिळणार आहे का? ओला ऐन आणून चढवला तर दोन वर्षांत वाकतो आणि कौलांच्या रांगा सापासारख्या. पडवीला लाकूड, मुख्य छपराला गॅल्व्हनाइज्ड कैच्या, हा मध्यम मार्ग.

कौलांचा मुद्दा राहिलाच. चौरस मीटरला साधारण १५ कौलं बसतात. जुनी कौलं सरसकट टाकू नका; ठोकून खणखणीत वाजणारी धुऊन पुन्हा वापरा, ती उत्तरेच्या पाखीवर घाला म्हणजे रंगाचा फरक दिसत नाही. वारा आधी पागोळीची आणि कोन्याची कौलं उचलतो. म्हणून पागोळीच्या पहिल्या दोन रांगा आणि कोन्याजवळची एक रांग स्टेनलेस तारेने रिपेला बांधायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं, पुढच्याच मेमध्ये तौक्ते आख्ख्या कोकणाला घासून गेलं. वाऱ्याच्या आयएस ८७५ मध्ये चक्रीवादळाचा वाढीव गुणक पूर्व किनारा आणि गुजरात किनाऱ्यासाठी आहे, कोकणासाठी नाही. तरी इंजिनियरला सांगून तो धरूनच कैची आणि अँकर बोल्ट काढून घ्या. फरक पडतो तो बोल्टांच्या खर्चात, कौलांच्या नाही.

गजालीकार

गाऱ्हाणां घालूया. बा देवा म्हाराजा, ह्या जुव्यावरच्या रिसॉर्टाक जो काय गंज, लोणो, वाळवी लागली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!

पाडेली१००माड

व्हय म्हाराजा!

झावळीवाला

आनी आर्किटेक्टाक सुबुद्धी दी रे म्हाराजा! व्हय म्हाराजा!

पाणीवाली

चला, गाऱ्हाणं झालं असेल तर पुलाकडे वळू. कोणी विचारलं नाही की दुरुस्तीसाठी पूल रिकामा कधी करणार. वाळूचा जुवा आहे, भूजल वरच असणार. हिशोब बघा: तळ १२ × ६ = ७२ चौ.मी. बाहेरचं पाणी तळाच्या एक मीटर वर असेल तर खालून वर रेटा ७२ टन. तळाचा स्लॅब २०० मिमी धरला तर त्याचं वजन ३६ टन, १.४ मीटर उंच भिंती अंदाजे २५ टन. एकूण ६१. म्हणजे भरलेला असताना पूल जागेवर, रिकामा केला की होडी.

ही होडी मे महिन्यात तरंगत नाही, जुलैत तरंगते. म्हणून टाइल्सचं काम एप्रिल-मेमध्ये आटपा, तेव्हा भूजल सगळ्यात खाली असतं. रिकामा करण्याआधी बाजूला खड्डा घेऊन पाण्याची पातळी मोजा. तळाला हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा रेटा वाढला की ते आत घेणारी झडप) आहे का बघा. असेल तर बहुधा वाळूने चोंदलेला असतो, तो खोलून खाली खडीचा फिल्टर नवा करा. पावसाळ्यात पूल 'साफसफाईला' रिकामा ठेवणं बंद.

भरतीओहोटी

हाच न्याय सेप्टिक टँकला. मे महिन्यात उपसलेली फायबरची टाकी जूनच्या पहिल्या आठवड्यात वर आलेली दिसते. खाली काँक्रीटचा पाया आणि त्याला पट्टे बांधणे, नाहीतर उपसल्यावर लगेच पाणी भरणे.

पाणीवाली

बरोब्बर. आणि सांडपाण्यावर दोन शब्द, कारण लक्झरीचं घोडं तिथेच पेंड खातं. १६ खोल्या × २ माणसं × १८० लिटर म्हणजे ५,७६० लिटर. वीस कामगार, स्वयंपाकघर, धुलाई धरून १०,००० लिटर रोजचे समजा. मोठ्या ब्लोअरचं पॅकेज एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं तयार यंत्र) घ्यायचा मोह होतो. पण रिसॉर्टची गर्दी लहरी: नाताळात फुल्ल, जुलैत चार खोल्या. खाणं मिळालं नाही की टाकीतले जिवाणू उपाशी मरतात, आणि ऑगस्टच्या लाँग वीकेंडला अचानक सगळ्या खोल्या भरल्या की वास थेट जेवणघरात. शिवाय हाऊसकीपिंगने चादरींना ब्लीच ओतलं की उरलेले जिवाणूही गार.

इथे जास्त टिकतं ते सेटलर (गाळ खाली बसवणारी टाकी), मग अडथळ्यांची अॅनारोबिक (हवेविना चालणारी) टाकी, मग खडीत लावलेली कर्दळ. वीज लागत नाही, उपास सोसतं. जागा जास्त लागते एवढंच. स्वयंपाकघराच्या लाइनवर ग्रीस ट्रॅप वेगळा, आणि तो रोज साफ करणारा माणूस नेमून द्या. तळलेल्या मासळीचं तेल थंड झालं की पाइपात मेण होतं. धुलाईचं पाणी वेगळ्या लाइनने. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, वाळूत तर जेवढा लांब जाईल तेवढा.

गजालीकार

विहीर म्हणजे जुव्यावर विहीर गोडी आहे?? भारीच.

पाणीवाली

असते. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जेवढी वर, त्याच्या चाळीसपट खोलीवर खारं पाणी. म्हणजे उपसा करून पातळी १० सेंमी खाली आणली की खालचं खारं ४ मीटर वर सरकतं. म्हणून ५ एचपीचा पंप टाकून तासाभरात टाकी भरायची नाही. अर्ध्या एचपीचा लहान पंप, दिवसभर थोडं थोडं, शक्य तर दोन-तीन उथळ विहिरींतून. मेमध्ये पाणी मचूळ लागायला लागलं की ते काँक्रीटला वापरू नका. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवं. नवीन काँक्रीटमध्ये स्वतःच्या हाताने मीठ घालणारे ठेकेदार कमी नाहीत.

तिवराची_सावली

पागोळ्यांचं पाणी का सोडता? छप्पर हजार चौ.मी. धरलं, पाऊस ३,००० मिमी, २० टक्के वाया, तरी २४ लाख लिटर. तुमच्या रोजच्या १०,००० ने आठ महिने निघतात!

पाणीवाली

कागदावर. २४ लाख लिटर साठवायला ४० × २० × ३ मीटरची टाकी लागेल, आणि ती कुठे ठेवणार, पुलावर? ५०,००० लिटरची टाकी फक्त पिण्या-रांधण्यासाठी करा, पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून. बाकीचं गाळून विहिरीच्या आसपास जिरवा. तीच तुमची फुकटची टाकी.

तिवराची_सावली

पुलावर 😀 मान्य. पण निदान १ लाख तरी. मेचा शेवटचा आठवडा ५०,००० मध्ये निघत नाही.

एसीवाला_बंडू

सगळे काँक्रीट-पाणी करताय, पाहुणा रात्री तीन वाजता फोन करतो तो एसीसाठी. तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमचे पंख, मध्ये खारी ओल: बॅटरी तयार, पंख पांढरी भुकटी होऊन गळतात. बाहेरचं युनिट खाडीकडे तोंड करून कधीच नको, इमारतीच्या वाऱ्याआडच्या बाजूला, आणि चिऱ्याची जाळी चालेल पण हवा कोंडता नये. कारखान्यातूनच कोटिंग केलेली कॉइल मागा; जागेवर मारलेला स्प्रे पंखांच्या मधे पोचत नाही. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने हलकं धुणं, प्रेशर वॉशर नाही, त्याने पंख झोपतात. पीसीबीवर (आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर) कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल रोखणारा पातळ थर. स्टँड गॅल्व्हनाइज्ड.

स्टेनलेसच्या बाबतीत: २०२ ग्रेड इथे सहा महिन्यांत तपकिरी. ३०४ ला चहासारखे डाग. रेलिंग, बिजागऱ्या, शॉवर हे ३१६ चं घ्या, आणि तेही पुसत राहा. विकणारा सगळं '३१६' म्हणूनच विकतो, तपासून घ्या. चुंबक यात कामाचं नाही, रासायनिक टेस्टिंग किट मिळतं.

चिरेबंदी

आणि प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय. एमडीएफ आणि जिप्सम छत जुव्यावर आणूच नका, होडीतच फुगायला लागतं. कपाटांना फटीफटीची दारं ठेवा, बंद कपाटात पावसाळ्यात कपड्यांना बुरशी.

निळीखिडकी

मी डिझाइनवाली, त्यामुळे शिव्या खायला तयार 🙂 काचा वाईट नाहीत, पश्चिमेला उघड्या काचा वाईट. नैर्ऋत्येची झड सरळ आडवी येते. सरकत्या खिडकीचा रुळ उथळ असेल तर पाणी रुळात साचतं, वाऱ्याच्या दाबाने आतल्या कडेवरून उडी मारतं आणि लाकडी फरशी गेली. १.५ मीटरची पडवी पुढे काढा, रुळाची आतली कड उंच घ्या, पाणी बाहेर पडायची भोकं मोकळी ठेवा. पावसाळ्यात पडवीला झडपा लावता येतील असे हूक आत्ताच बसवा; नंतर ३१६ चे हूक चिऱ्यात बसवायला भोकं पाडताना कडा तुटतात.

उघडं न्हाणीघर करायचं तर फक्त शॉवर उघडा, कमोड आणि बेसिन छपराखाली. फरशीला ६० ला १ उतार आणि जाळी मोठी, माडाची फुलं एका दिवसात लहान जाळी बंद करतात. आणि आतल्या विजेच्या तारा शॉवरच्या भिंतीत नकोतच.

खाडीपलीकडे

पडवी १.५ मीटर पुढे म्हणजे जोतं पुढे नाही ना?

भरतीओहोटी

खांब जोत्याबाहेर टाकलेत की प्रश्न येणार. ब्रॅकेटवर पागोळी पुढे काढा, खाली फरशी नको, वाळूच राहू दे. तरीही नकाशावर दाखवून घ्या, नंतर 'ही नवीन बांधणी' असं कोणी म्हणायला नको.

कासवमित्र_गुहागर

दिव्यांचंही बघा. समुद्राकडे पांढरा फ्लडलाइट नको, वेळास-गुहागरसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं दिव्याकडे जातात...

तिवराची_सावली

@कासवमित्र_गुहागर, हा खाडीतला जुवा आहे, इथे कासव घरटं करत नाही. पण सल्ला तरीही लागू: पांढरा दिवा म्हणजे पावसाळ्यात किड्यांचं लग्न जेवणघरात. पिवळसर, खाली वाकलेले, गुडघ्याएवढ्या उंचीचे.

कासवमित्र_गुहागर

अरे हो, शीर्षक न वाचता सुटलो.

पाडेली१००माड

आणि माड. खोलीवर माड येत असेल तर दर दीड महिन्याला नारळ आणि वाळकी चुडतं उतरवायची. काचेचं छत आणि माड एकत्र आराखड्यात आहेत का बघा. असतील तर मला बोलवा, मजा बघायला येतो.

गंजपुराण

मूळ प्रश्न क्रम हाच होता, त्याकडे येतो.

१८-२२ मिमी कव्हर असेल तर हाफ सेलचा नकाशा बघून वाईट निम्म्या खोल्या जोत्यापर्यंत उतरवाव्या लागतील असं धरा. ऑक्टोबर ते डिसेंबर: चाचण्या, परवानगी, आणि फक्त एक खोली पूर्ण नवी करणं, अगदी चादरीपर्यंत. उरलेल्या खोल्या पाहुण्यांना. नाताळ संपला की वाईट आठ खोल्या बंद. जानेवारी ते मार्च काँक्रीट, कारण एप्रिलमध्ये गोडं पाणी कमी आणि ऊन जास्त, क्युअरिंग होत नाही. एप्रिल-मे कैच्या, कौलं आणि पूल. २५ मेपर्यंत छप्पर बंद झालंच पाहिजे आणि पावसाळ्यात लागणारा सगळा माल जुव्यावर. सिमेंट शेवटी आणा, फळ्यांवर जमिनीपासून २० सेंमी वर, भिंतीपासून सुटं. तीन महिन्यांपेक्षा जुनी पोती स्ट्रक्चरला नकोत. जून ते सप्टेंबर आतली फरशी, नळ, वायरिंग, फर्निचर.

चिरेबंदी

फर्निचर सोडून सगळं मान्य. जुलैत बसवलेलं दार ओलीने फुगलेलं असतं. सुतार ते चौकटीत नेमकं बसवतो आणि डिसेंबरात बोटभर फट. दारं-खिडक्या मेच्या आधी किंवा ऑक्टोबरनंतर. पावसात फक्त फरशी आणि नळ.

गंजपुराण

ठीक, सुतार ऑक्टोबरात. पण ती नमुना खोली एक पूर्ण पावसाळा पाहू द्या. गळती, बुरशी, रुळातलं पाणी, एसीचा आवाज, जे काय चुकणार ते तिथे चुकेल आणि पंधरा खोल्या वाचतील.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. आत्ता एवढं ठरलं: मूळ परवानगीचे कागद शोधणं चालू, पुढच्या आठवड्यात हाफ सेल. काचा पूर्वेच्या चार खोल्यांना, पश्चिमेला पडवी. पांढरा रंग रद्द. मालक काठावरून ओसंडणाऱ्या पुलावर अडून आहेत.

पाणीवाली

करा की, पण ओसंडणारं पाणी पडतं त्या खालच्या टाकीचंही वजन आणि रेटा आधी मोजा. तीही रिकामी झाली की होडीच. आणि पंप बंद पडला तर वरचं पाणी सगळं खाली येतं, तेवढं मावेल एवढी ती मोठी हवी. काठावर २ सेंमीचा थर असेल तर ७२ चौ.मी. वर १,४४० लिटर, शिवाय पाइपातलं, शिवाय एकदम दहा जण उतरले तर त्यांचं. ३,००० च्या खाली धरू नका.

गजालीकार

दहा जण म्हणजे मालवणी की मुंबैकर? वजनात फरक आसा.